जांभळ्या रेघा

कावळा काही शिवेना.

देवजीच्या दहाव्याला सगळी भावकी नदीच्या कोंडीवर, डोहाच्या काठी जमली होती. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. पिंड मांडून झाले, हात जोडून झाले, माणसं मागं सरून उभी राहिली, आणि आंब्यावरचे चार-दोन कावळे नुसत्या माना वाकड्या करून बघत बसले. थोरला मुलगा अनंता पुढं झाला. बैलजोडी विकणार नाही, असा शब्द त्यानं बापाला दिला. कावळे ढिम्म. मग धाकटा किशोर पुढं झाला आणि तंबाखू सोडतो म्हणाला. त्यावर तर एक कावळा उडूनच गेला. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या गिरजाला, अनंताच्या बायकोला, हसू आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला. सासऱ्याच्या दहाव्याला थोरल्या सुनेनं हसावं हे काही बरं नव्हे, पण किशोरभावजींची तंबाखू आणि त्यांचे शब्द, दोन्ही तिनं पुष्कळ वर्षं बघितले होते.

ऊन चढलं तशी कुजबूज वाढली. म्हाताऱ्याचं मन कशात अडकलं असेल? भावकीचे कारभारी वाल्मिककाका म्हणाले, राहू दे, दर्भाचा कावळा करू आणि मोकळे होऊ. तेवढ्यात तानीआत्या उठली. तानीआत्या म्हणजे देवजीची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती कायमची, आणि घरात काय चालतं आणि काय चालत नाही, ते तेव्हापासून तिच्याच तोंडून ठरत आलेलं. ती पिंडांसमोर उकिडवी बसली.

"दादा, तुजा जीव कशात हाय ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "जिवलीला आमी घरात घेतली. तिचं सगळं आमी बघू. जा आता."

तिनं हात खाली घेतले आणि कावळा उतरला. भात उचलला, उडाला. सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. गिरजाचे मात्र डोळे भरून आले, कारण हे वाक्य ह्या बाईच्या तोंडून निघेल असं तिला ह्या जन्मात वाटलं नव्हतं.

जिवली ही किशोरची बायको. मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आदिवासी वाडीतली. भातसानगरला धरणाचं काम चालू होतं तेव्हा ती आईबरोबर मजुरीला यायची, आणि किशोर तिथं कामाला होता. त्यानं लग्न केलं आणि तिला घरी आणली, पण घरानं तिला पडवीपाशी थांबवलं. तिची चूल वेगळी, तिचा हंडा वेगळा. लग्नकार्यात तिचं पान पंगत उठल्यावर. कुणी मेलं तर तिला सुतक नाही, म्हणजे रडायचीही मुभा नाही. ती कधी भांडली नाही. जे सांगाल त्याला 'बरं' म्हणायची, आणि हे 'बरं' ऐकून गिरजाला कधीकधी तिचा राग यायचा. पण देवजीचं अंग लुळं पडलं, तेव्हा त्याला भरवायला मात्र जिवलीच लागायची. दुसऱ्या कुणी घास पुढं केला की म्हातारा तोंड फिरवायचा. घरानं तिकडं काणाडोळा केला. सोयीचं होतं ना!

आणि मग जिवलीच्या छातीत गाठ निघाली. तीही तिनं पदराखाली कितीतरी दिवस झाकून ठेवली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, एक छाती गेली, आता मशीनचा शेक चालू होता. डॉक्टर जे काही सांगायचे ते किशोरला सांगायचे, किशोर मान हलवायचा, आणि जिवलीला काय झालंय हे जिवली सोडून सगळ्यांना माहीत. एकदा सोबतीला गेली तेव्हा ते बघून गिरजा उसळली. गड्याच्या अंगात गाठ आहे की बाईच्या, असं तिनं तिथंच किशोरला विचारलं, आणि धर्मशाळेत जिवलीला समोर बसवून रोगाचं नाव सांगितलं. तेव्हापासून दवाखान्याचं खातं गिरजाकडं आलं. देवजी गेला तेव्हा गिरजा घरी निघून आली. जिवली लहानी नावाच्या आपल्या आईला सोबतीला घेऊन शेक घेत राहिली, आणि तिच्या न येण्याबद्दल भावकीत कुणी चकार शब्द काढला नाही. सुतक नाही, मग तिला येऊन करायचं काय? दहावं रविवारी आलं, शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून ती आली. सोमवारी परत हजर व्हायचं होतं.

कावळा शिवल्यावर गिरजानं पटकन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानंच घराकडं सुटली. भावकी जेवायला येणार, चूल पेटवायला थोरली सून हवी. चुलीपुढं बसून ती मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला म्हणाली, जाता जाता केलंत खरं तुमी काहीतरी.

बायका परतल्या तेव्हा जिवली त्यांच्या मधोमध चालत होती. केस ओले, तानीआत्याचं धुवट लुगडं नेसलेली, आणि चेहऱ्यावर असं हसू की गिरजानं ते आजवर पाहिलं नव्हतं. गिरजाही हसली. मग तिची नजर त्या ओल्या केसांवरून खाली मानेवर गेली. हातातलं उलथनं तसंच टाकून ती उठली, जिवलीला दंडाला धरून मागच्या दारी नेलं आणि तिचा पदर बाजूला केला.

काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत दवाखान्यात ओढलेल्या जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. मशीनचा शेक कुठं द्यायचा आणि कुठं नाही, त्याच्या त्या खुणा. शेक संपेपर्यंत तिथं पाणी लावायचं नाही, साबण तर नाहीच, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. आता तिथं लख्ख कातडी होती. कोपऱ्यात कुठंतरी जांभळट पुसट छटा.

"जिवले, हे काय केलंस गो?"

"तानीआत्यांनी हाक मारली," जिवली म्हणाली. "ये गो, तू पन आमची सून, म्हनाल्या. पानी घातलं, पाठ घासली, साबन लावला. सगळ्यांनी लावला."

"आनि तुला बोलता आलं नाय? खुना हायेत म्हनून?"

"बाय, इतक्या वर्सांत पयल्यांदा हाक मारली." जिवली म्हणाली. "नाय कसं म्हनू?"

गिरजाला तिला चार शब्द सुनवायचे होते. पण जिवलीच्या जागी ती असती, आणि तिलाही असंच कुणी पहिल्यांदा हाक मारली असती, तर ती तरी काय बोलली असती? तिनं जिवलीचा पदर नीट केला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, जेवनं उरकू दे, मग बघते.

जेवणं झाली. माणसं मांडवात पान-सुपारी घेऊन टेकली तेव्हा गिरजानं सरळ मधे येऊन सांगितलं की जिवलीच्या अंगावरच्या खुणा पुसल्या गेल्या आहेत, उद्या पहाटे दोघी निघणार, आणि बाराव्याला दोघीही नसतील.

मांडवात एकदम गलका झाला. बारावं मंगळवारी. थोरली सून नाही तर गोडाचा स्वयंपाक कोण करणार, हे अनंतानं विचारलं, तेही बायकोच्या तोंडाकडं न बघता. वाल्मिककाकांचं म्हणणं वेगळंच. काल-परवापर्यंत जिवलीला पंगतीत घ्यायला सगळ्यात जास्त नाट लावणारे तेच, आणि आता तेच म्हणायला लागले की आज चार लोकांत शब्द देऊन सून घरात घेतली आणि परवा बाराव्याला तिचं पान रिकामं, हे भावकीच्या तोंडाला काळं फासणं आहे. दोन दिवसांनी काय बिघडतं? इतके दिवस शेक घेतलाच आहे ना? बाकीच्यांनी माना हलवल्या. हे लोक तिला आत घ्यायला तयार नव्हते, आणि आता आत घेतल्यावर बाहेर सोडायला तयार नाहीत, हे बघून गिरजाला रडावं की हसावं ते कळेना.

तिनं किशोरकडं बघितलं. किशोर जमिनीकडं बघत होता. तो हळूच म्हणाला की रेघा परत काढायच्या म्हणजे सगळं पहिल्यापासून, डॉक्टर ओरडणार, मशीनचा नंबर गेला तर किती दिवस लागतील कुणास ठाऊक, आणि कदाचित देवाच्याच मनात नसेल. तो वाईट माणूस नव्हता. बायको मरेल ह्या धास्तीनं त्याच्यातलं बळच सरलं होतं, आणि भ्यालेल्या माणसाला देव लवकर आठवतो, हे गिरजाला समजत होतं. तरी तिला त्याचा संताप आला.

"भावजी, देवाच्या मनातलं नंतर बघू," ती म्हणाली. "तुमच्या मनात काय हाय ते सांगा."

तेवढ्यात ओटीच्या कडेला बसलेली तानीआत्या तडकली. तिनं ऐकलं होतं फक्त 'पुसल्या' एवढंच, आणि ते तिला झोंबलं होतं. मी मायेनं अंघोळ घातली तर त्यात माझं काय चुकलं, असं तिनं गिरजाला विचारलं. दहाव्याला अंग न धुता बाई घरात येते का कुठं? कसल्या शाईच्या रेघा त्या, आणि त्यांच्यासाठी महिनाभर पारोसं राहायचं, ही कुठली रीत?

गिरजा तिच्यापाशी जाऊन खाली बसली. तानीआत्याशी उभ्यानं बोललेलं तिला कधीच ऐकू गेलेलं नव्हतं.

"आत्या, आपन लावनीआधी बांध घालतो का नाय? पानी कुठवर थांबवायचं आनि कुठं सोडायचं म्हनून?"

"मग?"

"त्या रेघा म्हनजे बांध. त्या मशीनला डोळे नायत. रेघ बघून डॉक्टर शेक देतात. रेघ नाय तर शेक भलतीकडं जाईल, काळजावर जाईल. नायतर रोग हाय तिथं जायचाच नाय. आनि शेकात खंड पडला तर आजवर घेतला तो पन वाया, असं त्यांनी मला दोनदा सांगितलंय."

तानीआत्यानं आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे करून बघितले. ह्याच हातांनी घासलं होतं.

"म्हनजे बांध मी फोडला," ती म्हणाली.

"तुमाला कोनी सांगितलंच नव्हतं."

"तिला तोंड नव्हतं का?"

"नव्हतं," गिरजा म्हणाली. "आपनच ठेवलं नव्हतं, आत्या. आज सकाळी तुमी दिलंत. लगेच कुठून चालेल?"

जिवली दाराआड उभी होती, तिची सावली उंबऱ्यावर दिसत होती. गिरजा उठली आणि आता भावकीला उद्देशून बोलली. सकाळी आत्यानं मामंजींना काय शब्द दिला तो सगळ्यांनी ऐकला होता. जिवलीचं सगळं बघू, असा. पानावर बसवू, एवढाच शब्द नव्हता तो. तिला मशीनपाशी पोचवणं म्हणजे तिचं बघणं, आणि ते न करता बाराव्याला गोड खाऊ घालणं म्हणजे मेलेल्या माणसाला फसवणं. कावळा शिवला तो कुठल्या शब्दाला शिवला, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. हे सगळं ती ठामपणे बोलली.

वाल्मिककाका घसा खाकरून काहीतरी म्हणणार होते. तानीआत्यानं त्यांना हातानंच थांबवलं.

"बारावं माज्या भावाचं हाय," ती म्हणाली. "रांधीन मी. लाडू-पुरी मला नवी नाय. जिवलीचं पान पंगतीत मांडायचं, माज्या शेजारी. वाढायचं. ती नसली तरी मांडायचं. आनि गिरजे, तुमी दोघी पहाटे निघा."

त्यानंतर कुणाची काय बिशाद! अनंतानंच आसनगावपर्यंत सोडायला शेजारच्याची जीप सांगून ठेवली, आणि रात्रीपर्यंत तो असा वागत होता की जणू ही कल्पना मुळात त्याचीच. किशोर मागच्या दारी जाऊन जिवलीपाशी बसला. काय बोलला कुणास ठाऊक, पण पहाटे जीपमध्ये तो दोघींच्या आधी चढून बसला होता. बारावं भाऊ बघेल म्हणाला. गिरजानं जागा करून दिली.

दवाखान्यात व्हायचं ते झालंच. डॉक्टरीणबाई तरुण, चष्मा लावणाऱ्या, कामानं पिचलेल्या. त्यांनी कोरी छाती बघितली आणि आवाज चढवला. इतकं सांगूनही तुम्ही लोक ऐकत कसं नाही? बाहेर किती पेशंट रांगेत आहेत ते दिसतं का? पुन्हा सगळी मापं, पुन्हा आखणी. जिवली खाली मान घालून 'बरं' म्हणाली. किशोरनं हात जोडले.

गिरजानं हात जोडले नाहीत. तिनं आधी बाईंना बोलू दिलं, मग म्हणाली, "बाई, सांगितलंत तुमी, ते खरं. पन आमच्याकडं काय काय असतं ते विचारलं नाय कोनी. मयत झालं तर डोक्यावरून पानी घ्यावं लागतं. देवाला जायचं तरी घ्यावं लागतं. उन्हाळ्यात रानातून आली बाई की तिला घ्यावंच लागतं. आधी विचारलं असतं तर दहाव्याला मी तिच्या अंगावर पानी पडू दिलं नसतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले, स्टूल ओढून बसल्या आणि कोण गेलं म्हणून विचारलं. गिरजानं सगळं सांगितलं. कावळा, आत्याचा शब्द, नदी. ऐकता ऐकता बाईंचा चेहरा सैल झाला. मग त्या म्हणाल्या की दुसराही एक उपाय असतो. रेघांच्या ऐवजी सुईनं शाईचे बारीक ठिपके टोचून ठेवायचे, तिळाएवढे. ते पाण्यानं जात नाहीत. पण जन्मभर राहतात, म्हणून बायका नको म्हणतात, आणि म्हणून हल्ली विचारणंच सोडून दिलं आहे. हे त्या गिरजाला सांगत होत्या. मग किशोरकडं वळून म्हणाल्या, तुमचं काय म्हणणं?

किशोरनं बायकोकडं बोट केलं.

"तिला विचारा," तो म्हणाला.

जिवलीनं मान वर केली. तिनं हातावरचा पदर सरकवला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण होतं, ठिपक्या-ठिपक्यांचं, तिच्या वाडीतल्या म्हातारीनं लहानपणी टोचलेलं. डॉक्टरीणबाई ते बघतच राहिल्या.

"हे टोचलं तवा मी रडले पन नाय," जिवली म्हणाली. "हे संगती जातं, असं माजी आई सांगते. दागिने काढून घेतात, हे नाय काढता येत. टोचा तुमी. मला चालेल."

'बरं' नव्हे, 'चालेल'. गिरजानं तो शब्द नीट ऐकला आणि मनात जपून ठेवला.

पुढच्या दोन दिवसांत मापं झाली, ठिपके टोचले, आणि त्या आठवड्यातच मशीन पुन्हा सुरू झालं. खंड पडला तो डॉक्टरीणबाईंनी हिशेब करून शेवटाला जोडून दिला. शेक चालू आहे तोवर साबण आणि घासणं नाहीच, नुसतं पाणी चालेल, हे त्यांनी ह्या वेळी जिवलीलाच समोर बसवून सांगितलं आणि तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. नंतर नंतर तर नवी कुणी बाई आली की त्या आधी तिच्या घरचे सणवार, सुतक, नदी-विहीर विचारायला लागल्या, असं जिवलीची आई लहानी गावभर सांगत फिरायची. खरं-खोटं तिचं तिला ठाऊक.

दिवाळी आली तोवर जिवलीच्या छातीवरची काळवंडलेली कातडी निवळली होती. तपासणी चांगली निघाली होती. पुढं काय ते पुढं, पण आज ती घरात होती, आणि मोठ्या चुलीवरची शेव तिनं आणि गिरजानं मिळून तळली होती. पडवीतली चूल तानीआत्यानं दसऱ्यालाच स्वतःच्या हातानं मोडून टाकली होती. कुणाला विचारलं नाही.

नरकचतुर्दशीला मागच्या दारी पाट मांडला. तेल, उटणं, ऊन पाण्याचा हंडा. घरातल्या बायका एकेक करून न्हाल्या. जिवली पाटावर बसली आणि तानीआत्या तांब्या घेऊन तिच्यामागं उभी राहिली. तिनं एक तांब्या खांद्यावरून ओतला. उटणं हातावर घेतलं. आणि थांबली. ओल्या कातडीवर ते निळे ठिपके दिसत होते. कडेला एक, मधे एक, काखेखाली एक. म्हातारीचा हात वरच्यावर राहिला. चैत्रातल्या त्या दिवसापासून तिनं जिवलीच्या अंगाला हात लावला नव्हता, हे गिरजाला तेव्हा एकदम उमगलं.

गिरजा पुढं होणार होती. पण जिवलीनं मागं हात नेला, आत्याचं मनगट धरलं आणि तिचा तळवा ओढून आपल्या छातीवर, त्या ठिपक्यावर टेकवला.

"घासा आत्या," ती म्हणाली. "आता जायाचं नाय ते."